इंजिनकाम झालं, तरी खटखट

तुमच्या मजकुरातलं मला कामाचं वाटलं ते आधी मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं त्याला धरून राहील. गाडी टाटा २०७ डीआय, २००३ ची, वडिलांनी घेतलेली. नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून माळशेज उतरून वाशीला जाते. धूर मारायला लागली, ऑइल खायला लागली म्हणून फुल इंजिनकाम केलंत. लायनर, पिस्टन, रिंगा नव्या, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) २० थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) घासली, हेड फेस केलं (तळ घासून सपाट केला), पंप आणि नोझल पंपवाल्याकडून करून आणले. पहिले ६०० किलोमीटर गाडी गप्प होती. मग इंजिन गरम झाल्यावर स्लोला (रेस न देता नुसतं चालू असताना) बारीक टकटक सुरू झाली. आता १४०० किलोमीटरला तिची ठकठक झालीय आणि १५०० आरपीएमच्या आसपास ती सगळ्यात ठळक ऐकू येते. सकाळी गार इंजिनाला आवाज जवळजवळ नाही. ऑइलचा दिवा लागत नाही. ३ नंबरचा नोझल पाइप ढिला केला की आवाज मवाळ होतो, पण पूर्ण जात नाही.

त्यावर तीन मिस्त्र्यांची तीन मतं. काम केलेला म्हणतो, नवं इंजिन आहे, बसेल हळूहळू. दुसरा म्हणतो पंपाचं टायमिंग पुढे आहे. तिसरा म्हणतो हेड उतरवा, पिस्टन लागतोय.

पहिली गोष्ट: गाडी बाजूला लावा. उद्याची ट्रिप भाड्याच्या गाडीने पाठवा. बेअरिंग गेलेलं असेल तर आज ते शेलच्या (बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्यांच्या) एका जोडीत आणि फार तर क्रँकच्या एका पिनमध्ये भागेल. घाटात शेल फिरला तर क्रँक, रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) आणि रॉड बाहेर आला तर ब्लॉकही जातो. एवढं सगळं मी एकाच ट्रिपमध्ये गेलेलं पाहिलंय.

आता आवाजाबद्दल. लोक मला फोनवर आवाज ऐकवतात आणि विचारतात, काय गेलंय सांगा. तीस वर्षं हेच काम करूनही मला तो नुसता ऐकून छातीठोक सांगता येत नाही. लोखंडाच्या एकाच ब्लॉकमधून सगळे आवाज फिरून येतात. बिग एन्ड (रॉडचं क्रँककडचं बेअरिंग), गजनपिन (रॉडला पिस्टनशी जोडणारी पिन), पिस्टन, ढिली पुली, सगळी ठकठकच करतात. त्यामुळे आवाज कसा आहे यावर मी फार वेळ घालवत नाही. तो कशाने बदलतो ते बघतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ऐकायचं. पाइप ढिला करून तुम्ही नेमकं हेच केलंत, आणि तिन्ही मिस्त्र्यांच्या मतांपेक्षा त्या एका गोष्टीने जास्त सांगितलं.

पहिला बदल गार-गरमचा. डिझेल इंजिन मुळात ठोकतंच. कॉम्प्रेशनने तापलेल्या हवेत नोझल डिझेल मारतं, पण ते त्याच क्षणी पेटत नाही. सेकंदाचा हजारावा भाग म्हणा, मध्ये जातो. तेवढ्यात साचलेलं डिझेल मग एकदम भडकतं आणि दाब झटक्यात चढतो, तोच डिझेलचा ओळखीचा ठोका. मधला वेळ जितका लांबेल तितका ठोका मोठा. गार इंजिनात हवा कमी तापलेली असते, म्हणून सकाळी गाडी जास्त कडकडते. टायमिंग पुढे असेल तर डिझेल लवकर पडतं, तेव्हा हवा पुरेशी दाबलेली आणि तापलेली नसते, म्हणून तीही कडकडते. दोन्ही ठिकाणी इंजिन गरम झालं की आवाज कमी व्हायला हवा. तुमच्याकडे उलटं आहे. शिवाय टायमिंग चुकलं तर चारही सिलिंडर सारखे ठोकतील, एकट्या ३ नंबरशी त्याचं काय वैर? गिअरचा दात चुकला असता तर इतकी हलकी लक्षणं दिसलीच नसती. पंपाच्या गिअरला ५० दात आहेत असं धरा. एक दात म्हणजे पंपाचे ७.२ अंश, क्रँकचे १४.४. एवढं चुकलेली गाडी धड स्टार्टही होत नाही, ६०० किलोमीटर गप्प चालणं तर सोडाच. टायमिंगवाल्या मिस्त्र्याचं म्हणणं मी इथेच बाजूला ठेवतो.

(पेट्रोलच्या जुन्या जीपवर हात बसलेली माणसं इथे हमखास फसतात. पेट्रोलचं पिंगिंग गरम इंजिनाला, लोडवर, चढाला वाढतं. तो हिशेब डिझेलला लावू नये.)

पिस्टनचा खळखळाटही गारच असतो. तुमच्या इंजिनाचा बोर ९७ मिलिमीटर. ४९७ या नावातला ४ म्हणजे सिलिंडर आणि ९७ म्हणजे बोर, स्ट्रोक १०० धरला की २९५६ सीसी चोख येतात. एवढ्या मोठ्या ॲल्युमिनियमच्या पिस्टनला गार असताना लायनरमध्ये मोकळीक लागतेच, गरम झाला की तो फुगतो आणि आवाज मिटतो. गार गप्प आणि गरम बोलकं, हे पातळ झालेल्या ऑइलचं लक्षण. घट्ट ऑइल फट भरून काढतं, पातळ झालं की फट बोलते. म्हणजे ज्या फटीत ऑइलची गादी असते तिकडे, बेअरिंगांकडे, बोट जातं.

दुसरा बदल किलोमीटरचा, आणि तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. आवाज पहिल्या स्टार्टपासून असता तर मी बांधणीतली चूक शोधली असती: चुकीच्या साइजचे शेल, उलटा बसलेला पिस्टन, पिस्टनला लागणारा वॉल्व्ह. २० थाउ घासलेल्या क्रँकवर चुकून १० थाउचे शेल बसले तर पाव मिलिमीटर जादा फट राहते, आणि ती गाडी गॅरेजच्या दारातच बोंबलते. तुमची ६०० किलोमीटर चालली, मग बोलायला लागली आणि आवाज वाढतोय. म्हणजे जोडताना गोष्ट ठीक होती किंवा ठीक वाटत होती, नंतर काहीतरी झिजतंय किंवा ढिलं होतंय. "बसेल हळूहळू" म्हणणाऱ्या मिस्त्र्याला एवढंच सांगा की रिंगा बसतात, बेअरिंग बसत नाही. बेअरिंगचा आवाज एकाच दिशेने जातो.

तिसरा बदल तुमचा पाइपचा. पाइप ढिला केला की त्या सिलिंडरला डिझेल मिळत नाही, आणि जळणं थांबलं की त्याच्यावरचा दणका जातो. दणका किती असतो याचा अंदाज घ्या. ९७ मिलिमीटर पिस्टनचं क्षेत्रफळ जवळपास ७४ चौरस सेंटिमीटर भरतं. जळताना ७० बार दाब धरला तरी पिस्टनवर पाच टनांच्या वर भार पडतो, तोही स्लोला सेकंदाला सहा वेळा. हा भार मिलिमीटरच्या काही हजारांश जाडीच्या ऑइलच्या पापुद्र्यावर तोललेला असतो. पापुद्रा फाटला की धातूला धातू लागतो. दणका काढून घेतला की बिग एन्डचा आवाज मवाळ होतो, पण फट तशीच असल्यामुळे थोडा राहतो. तुमचं वर्णन याला जुळतं. गजनपिनचा बुश गेला असता तर पाइप सोडल्यावर बऱ्याचदा आवाज दुहेरी होतो, टकटक ऐवजी ट-टक ट-टक. तसं काही ऐकलंत का, आठवून बघा.

आणखी एक आठवा. माळशेज उतरताना गिअरमध्ये गाडी असते, पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण उचललेला असतो, तेव्हा पंप डिझेल देत नाही आणि चाकं इंजिनाला फिरवतात. तेव्हा आवाज होता का? जळण्याचा आवाज तिथे संपतोच. आणि पाय किंचित ठेवल्यावर, ना ओढ ना ढकल अशा मधल्या जागी, ठकठक सगळ्यात मोठी होत असेल तर रॉडचं बेअरिंग दोन्ही बाजूंना आपटतंय असं समजा. तुम्ही १५०० आरपीएमला रिकाम्या इंजिनावर ऐकताय ते बहुधा तेच.

पाइप ढिला करण्याबद्दल एक सावधगिरी सांगून पुढे जातो, कारण हे वाचून कुणीतरी दुसऱ्या गाडीवर प्रयोग करेल. तुमच्या गाडीला जुना यांत्रिक पंप आहे, पंपवाले अजून मायको पंप म्हणतात तसला. कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं तरी आमच्या तोंडून मायको जात नाही. त्यावर स्लोला नट अर्धा फेरा सोडून, वर फडकं टाकून हे करता येतं. डोळ्याला चष्मा हवा आणि फवाऱ्यासमोर बोट कधीच नाही, या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत जातं. कॉमन रेलच्या (सगळ्या नोझलांना एकाच नळीतून सतत दाबाचं डिझेल देणाऱ्या) गाडीवर मात्र चालू इंजिनाचा पाइप सोडायचाच नाही. तिथला दाब हजार बारच्या पुढे जातो.

एवढं सगळं बेअरिंगकडे बोट दाखवत असलं तरी चेंबर (इंजिनाखालची ऑइलची परात) लगेच उतरवू नका. हे माझ्या फजितीवरून सांगतोय. बऱ्याच वर्षांपूर्वी लोणंदच्या बाजाराचा कांदा वाहणारी एक पिकअप आली होती. स्लोला ठकठक, रेस दिली की गायब. कान लावला, बिग एन्ड म्हणालो, चेंबर उतरवला, शेल बदलले, जोडली. आवाज जसाच्या तसा. पुन्हा उतरवला, मेन बेअरिंग (क्रँक ब्लॉकमध्ये ज्यांवर फिरते ते) बघितले, काही नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याकडचा शिकाऊ पोरगा बेल्ट काढता काढता म्हणाला, उस्ताद, पुली हलतीय. क्रँकच्या पुढच्या पुलीचा बोल्ट सैल झाला होता, चावी (पुली क्रँकवर अडकवणारी खिट्टी) घासली होती आणि पुली क्रँकवर मागेपुढे आपटत होती. शेलचे पैसे मी गिऱ्हाइकाकडून घेतले नाहीत. तेव्हापासून स्वस्तातल्या तपासण्या आधी.

म्हणून बेल्ट काढा आणि इंजिन अर्धा मिनिट चालवा, जास्त नाही, कारण पाण्याचा पंपही थांबलेला असतो. अल्टरनेटर, त्यामागचा व्हॅक्यूम पंप, पाण्याचा पंप, यातलं काही असेल तर आवाज तिथेच मरेल. गाडी हलवायची नाही, व्हॅक्यूम नसेल तर ब्रेक दगडासारखा लागतो. पुली हाताने धरून हलवा. मग बेल्ट चढवून क्लच दाबा आणि सोडा. आवाज त्याने बदलला तर रिलीज बेअरिंग, फ्लायव्हील किंवा क्रँकचा पुढे-मागे होणारा प्ले. थ्रस्ट वॉशर (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे) उलटे बसले, त्यांच्या खाचा क्रँकच्या बाजूला न येता ब्लॉककडे गेल्या, तर काही शे किलोमीटरमध्ये ते खाऊन जातात. नव्याने जोडलेल्या इंजिनात ही चूक मी तीनदा पाहिलीय, आणि तिन्ही वेळा जोडणारा शपथेवर सांगत होता की आपण बरोबर बसवले.

त्यानंतर नोझल. २ आणि ३ नंबरचे नोझल आपसात बदला. तांब्याची वॉशर नवी घ्या आणि भोकात टॉर्च मारून बघा, जुनी वॉशर तळाशी चिकटून राहिलेली नाही ना. जुनीवर नवी बसली की नोझल वर राहतं, फवारा पिस्टनच्या वाटीत नीट पडत नाही. बदलल्यावर आवाज २ नंबरला गेला तर खुशाल हसा, नोझल पंपवाल्याकडे द्या, टेस्टरवर प्रेशर आणि गळती बघून देईल, काम संपलं. आवाज ३ लाच राहिला तर नोझल सुटलं. अर्ध्या तासाचं काम आहे, तरी तीन मिस्त्र्यांपैकी एकानेही केलं नाही याचं मला नवल वाटतं.

ऑइलच्या दिव्याबद्दल तुम्ही निर्धास्त दिसता. तो दिवा जवळपास अर्ध्या किलोच्या (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला) खाली दाब गेला की लागतो. दिवा लागत नाही याचा अर्थ दाब अगदी शून्य नाही, इतकाच. स्विच काढून तिथे यांत्रिक गेज लावा, इंजिन चांगलं गरम करा आणि आकडा वाचा. नव्याने बांधलेल्या इंजिनाला गरम स्लोवर एक ते दीड किलो आणि २००० आरपीएमला तीन-साडेतीन किलो दिसलं तर मला बरं वाटतं. मॅन्युअल हाताशी असेल तर त्यातला आकडा शेवटचा. दाब चांगला असूनही एकच बिग एन्ड गेलेला असू शकतो, हे विसरू नका. चार रॉडपैकी एकाची फट वाढली तर गेजला ती फारशी जाणवत नाही. पण सगळीकडेच दाब कमी असेल तर पंप, रिलीफ वॉल्व्ह, किंवा चेंबरमधली जाळी आणि तिच्या पाइपचं पॅकिंग. तिथून हवा ओढली की ऑइल फेसाळतं.

आणि एक विचारायचंच राहिलं: ऑइल कोणतं टाकलंय? आवाज आला तेव्हा मिस्त्र्याने "घट्ट ऑइल" किंवा डब्यातलं औषध टाकलं असेल तर ते काढून नेहमीचं १५डब्ल्यू-४० टाकूनच वरच्या तपासण्या करा. घट्ट ऑइल आवाज दाबतं आणि तुम्हालाच फसवतं.

ते ऑइल काढताना वाया घालवू नका. जुन्या पांढऱ्या धोतराच्या फडक्यातून गाळा. फिल्टरचा डबा हॅक्सॉने कापला तर लोखंडाचा भुसा आत पडून गोंधळ होतो, म्हणून कटर असेल तर कटरने कापा. कागदाची घडी उलगडून उन्हात धरा. चांदीसारखे चकाकणारे पातळ कण, जे चुंबकाला चिकटत नाहीत, ते शेलच्या वरच्या थराचे. तांबूस दिसले तर शेल खालच्या थरापर्यंत गेला, किंवा गजनपिनचा बुश. चुंबकाला चिकटणारे काळे कण रिंगांचे, लायनरचे किंवा क्रँकचे. नव्या इंजिनात १००० किलोमीटरपर्यंत थोडी काळी भुकटी येतेच, तिला घाबरू नका. चकाकी दिसली तर मात्र पुढच्या वादाला जागा उरली नाही.

तिसऱ्या मिस्त्र्याचं, पिस्टन डोक्याला लागण्याचं मत मी पूर्ण फेटाळत नाही, कारण हेड फेस केलंय. डीआय इंजिनात (डिझेल थेट पिस्टनच्या वाटीत मारणाऱ्या) पिस्टन टॉपला असताना त्याच्या आणि हेडच्या मध्ये पाऊण ते एक मिलिमीटर जागा असते, तीसुद्धा हेडखालच्या पॅकिंगच्या जाडीने ठरवलेली. पिस्टन ब्लॉकच्या किती वर येतो हे डायल गेजने मोजून पॅकिंग निवडायचं असतं. गल्ल्यावर मिळालं ते पॅकिंग बसवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. हेडचं फेसिंग तेवढं पिस्टनच्या आड येत नाही, पण वॉल्व्ह किती आत बसलेत ते बदलतं. नव्या सीट, नवे वॉल्व्ह आणि वर फेसिंग, तिन्ही मिळून वॉल्व्ह बाहेर आला तर पिस्टनवर त्याची चंद्रकोर उमटते.

आणि इथे एक गंमत आहे. बिग एन्डची फट वाढली की पिस्टन स्वतःच वर जायला लागतो. कॉम्प्रेशनच्या टॉपला दाब त्याला खाली दाबून धरतो, पण एक्झॉस्टच्या टॉपला वर काहीच दाब नसतो. वेगात वर आलेला पिस्टन तिथे बेअरिंगची सगळी फट वापरून हेडकडे झेपावतो. जागा कमी असेल तर लागतोही. असा लागणारा पिस्टन पाइप सोडला तरी लागतच राहतो, कारण त्याला जळण्याशी देणंघेणं नाही. तुमचा उरलेला आवाज हा असू शकतो. म्हणजे तिसरा मिस्त्री परिणाम बघतोय, कारण खाली आहे. हेड उतरवून पॅकिंग जाड घातलं तर काही दिवस आवाज कमीही होईल, आणि मग रॉड बाहेर येईल. खालून सुरू करा.

चेंबर उतरवताना क्रॉस मेंबर आडवा आला तर माउंटिंग सोडून इंजिन थोडं उचला, लाकडाचा ठोकळा देऊन. ३ नंबर रॉड खाली आणा, हाताने धरून वर-खाली ढकला. शेजारच्या २ शी तुलना करा. मग कॅपचे बोल्ट सोडताना लक्ष द्या, किती जोराने सुटले. सहज सुटले तर उत्तर तिथेच आहे. टॉर्क पाना न वापरता "हाताला कळतं" म्हणत कसलेले बोल्ट, किंवा एकदा ताणलेले जुने बोल्ट परत वापरले, की ५००-६०० किलोमीटरमध्ये ढिले होतात. हा काळ तुमच्या काळाशी जुळतो, म्हणून सांगतोय.

कॅप उतरवण्याआधी रॉडवरचा आणि कॅपवरचा नंबर जुळतो का आणि दोन्ही एकाच बाजूला आहेत का ते बघून फोटो काढा. रॉड आणि कॅप कारखान्यात एकत्र बोअर केलेले असतात. कॅप बदलली किंवा उलटी बसली तर भोक गोल राहत नाही, शेल दोन ठिकाणी दाबला जातो, बाकी ठिकाणी मोकळा. काही किलोमीटर निभतं, मग गरम होऊन खातो.

शेल बाहेर काढल्यावर समोरून सगळेच बघतात. मी आधी पाठ बघतो. पाठीवर छापलेला ०.५० चा आकडा आहे ना, म्हणजे २० थाउ. पाठीवर काळे डाग किंवा घासल्याची चमक असेल तर शेल आत हलत होता. पाठीमागे कागद किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी निघाली तर कुणीतरी जुना जुगाड केलाय. आमच्या लहानपणी हायवेवर हे चालायचं, गाडी गावापर्यंत न्यायला. इंजिनकामात ते करणाऱ्याला पुढचं काम देऊ नका. कॅप कानशीने घासून फट कमी करण्याचंही तसंच.

समोरच्या बाजूला सरळ, गोल फिरलेल्या रेघा आणि मध्ये रुतलेले कण दिसले तर माझा पहिला संशय खरा. तुमची सगळी हकीकत ऐकून मला हेच सगळ्यात जास्त वाटतंय. क्रँक घासताना बारीक भुसा तिच्या ऑइलच्या भोकांत जातो. मेनपासून पिनपर्यंत आडवी-तिरकी भोकं असतात, काही क्रँकला तोंडाला बूच असतं. ते काढून, तार आणि ब्रश घालून, डिझेलने धुऊन, हवा मारून स्वच्छ करायचं काम लेथवाला म्हणतो मिस्त्र्याचं आणि मिस्त्री म्हणतो लेथवाल्याचं. दोघांच्या मध्ये ते राहून जातं. तो गाळ ऑइलबरोबर थेट बिग एन्डवर येतो, फिल्टर त्याच्या आधीच मागे राहिलेला असतो. होनिंगचा (लायनर आतून घासण्याचा) गाळही तसाच. तो डिझेलने निघत नाही, गरम पाणी आणि साबणाने लायनर घासून पांढरं फडकं काळं होईना इतपत धुवावं लागतं.

रेघा एकाच कडेला असतील तर पिनच्या कोपऱ्यातली गोलाई चुकलीय, शेलची कड तिच्यावर चढतेय. एका शेलच्या वरच्या अर्ध्या भागाची एक कड आणि खालच्याची समोरची कड घासलेली दिसली तर रॉड वाकडा.

मग पिन मायक्रोमीटरने मोजा. दोन दिशांनी आणि दोन्ही टोकांना, म्हणजे चार आकडे. ०.०३ मिलिमीटरपेक्षा जास्त ओव्हल (लंबगोल) किंवा टेपर (एका टोकाला निमुळती) असेल तर नुसते शेल बदलून मी गाडी देत नाही. फट मोजायला प्लास्टीगेजची (कॅप कसल्यावर चपटी होऊन फट दाखवणारी) पट्टी स्वस्त मिळते. जुनी माणसं शिशाची बारीक तार ठेवायची, तीही चालते, पण मऊ आणि बारीक हवी. साठेक मिलिमीटरच्या पिनला ०.०४ ते ०.०९ मध्ये फट असेल तर मी समाधानी. पट्टी ठेवल्यावर क्रँक फिरवायची नाही आणि बोल्ट टॉर्क पान्यानेच कसायचे, नाहीतर आकडा खोटा येतो. ३ नंबरबरोबर बाकीचे तीनही मोजा. एक मेनची कॅपही उतरवून बघा. गाळच कारण असेल तर तो एकट्या ३ वर थांबलेला नसतो, आणि मग क्रँक बाहेर काढून भोकं धुतल्याशिवाय नवे शेल घालणं म्हणजे तेच पैसे पुन्हा तिथेच टाकणं.

मिस्त्र्याशी भांडण काढायचं तर चेंबर उतरवताना त्याला समोर उभं करा. त्याच्या मागे उतरवलं तर तो म्हणेल तुम्हीच काहीतरी केलं. लेथवाल्यालाही शेल दाखवा. बोल्ट ढिले निघाले तर मिस्त्र्याचं काम, पिन ओव्हल किंवा कोपरा चुकीचा निघाला तर लेथचं, गाळ निघाला तर दोघांनी अर्धं-अर्धं सोसावं असं मी सुचवेन.

जोडल्यावर पहिला स्टार्ट देण्याआधी पंपाचा स्टॉप ओढून ठेवा, इंजिन पेटू न देता सेल्फने दहा-दहा सेकंद फिरवा, मध्ये सेल्फला थंड होऊ द्या. गेजचा काटा हलला की मगच स्टॉप सोडा. पहिलं ऑइल आणि फिल्टर ५०० किलोमीटरला काढा आणि पुन्हा त्याच पांढऱ्या फडक्यातून गाळा.

पिनचे चार आकडे, शेलच्या पाठीचा आणि तोंडाचा फोटो आणि गरम स्लोवरचं ऑइल प्रेशर, एवढं कळवा. क्रँक ३० थाउवर न्यायची की धुऊन त्याच साइजचे शेल चालतील, ते त्यावरून सांगतो.